हात, हस्त आणि जपानी ‘ते’

पुण्यात संध्याकाळच्या क्लासला जपानी शिकत होते तेव्हा रोज दहा कांजी, म्हणजे चीनहून जपानीत आलेली चित्राक्षरं, असायच्या, प्रत्येकी पन्नास वेळा लिहायच्या. ‘हात’ पहिल्याच आठवड्यात आली. चार रेघांची सोपी कांजी. वर डावीकडे उतरत जाणारी एक छोटी रेघ, तिच्याखाली दोन आडव्या, आणि वरच्या रेघेपासून निघून दोन्ही आडव्यांना छेदत खाली येणारी, शेवटी डावीकडे आकडी घेणारी एक उभी. उच्चार ‘ते’, अर्थ हात. मी ती पन्नास वेळा लिहिली, परीक्षेत ती बरोबर आली, जपानी भाषेची एन-फोर परीक्षा पास झाले आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योच्या निशि-कासाइ भागात राहायला आले.

दुसऱ्या वर्षी मुलगा बागेतल्या झोक्यावरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. रुग्णालयात डॉक्टर बराच वेळ समजावून सांगत होते. मला निम्मं कळत होतं, तरी मी मान हलवत होते. मग समोर एक कागद आला. वर ठळक पाच कांजी, त्यातली पहिली हात. मला वाटलं, मुलाच्या हाताबद्दल काहीतरी असणार, एक्स-रेची परवानगी वगैरे. सही केली. थोड्या वेळाने त्याला आत नेलं आणि दारावरच्या पाटीचा लाल दिवा लागला. पाटीवरही पहिली कांजी तीच. शेजारी बसलेल्या आजींना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, ‘शुज्युत्सु च्यूऽ.’ शस्त्रक्रिया चालू आहे. त्या पाटीवरचा हात माझ्या मुलाचा नव्हताच. कोणाचं अपेंडिक्स काढायचं असतं तरी तिथे तोच हात असता, कारण जपानीत शस्त्रक्रियेलाच ‘हाताचं कसब’ म्हणतात.

मनगट नीट जुळलं. आता तो त्याच हाताने टेबल टेनिस खेळतो. पण त्या बाकावर बसून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. जी कांजी मला ‘येते’ असं मी धरून चालले होते, तिचा मला एकच शब्द येत होता. कांजी येणं म्हणजे तिचं सगळं गोत ओळखता येणं. त्याच आठवड्यात मी एक जाड वही आणली, पहिल्या पानाच्या मधोमध ‘हात’ काढला आणि तिथून पुन्हा शिकायला लागले. आज रविवारी दुपारी माझ्या घरी जी मराठी मुलंमुली येतात, त्यांनाही मी असंच शिकवते. काहीजण आयटीतले, काहीजणी वृद्धांच्या देखभालीच्या, म्हणजे काइगोच्या, कामाला आलेल्या. ही रीत इथे सविस्तर लिहून ठेवते.

वाचण्याआधी दोन गोष्टी. उच्चार मी देवनागरीत देतेय. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर दुप्पट ओढा, कारण तो ओढला नाही तर शब्द बदलू शकतो. आणि ‘ऱ्यो’ असं लिहिलंय तिथे ‘दऱ्या’ मधला ऱ्या आठवा, ‘दर्या’ मधला र्या नव्हे. जपानी ‘ऱ्यो’साठी इतकं नेमकं चिन्ह आपल्याकडे आधीच आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो. कांजी डोळ्यांनी पाहायची असेल तर मोबाइलवर जपानी कीबोर्ड घालून ‘ते’ टाइप करा. वर जे पर्याय येतील त्यात चार रेघांचा हात दिसेल. पुढचे सगळे शब्दही असेच टाइप करून पाहत चला.

कोणती कांजी घ्यायची

जपानमध्ये सर्रास वापरायच्या ठरवलेल्या कांजींची सरकारी यादी २,१३६ कांजींची आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत घोकायला बसलात तर दमाल. आधी अशा दहा-बारा कांजी निवडा ज्यांचं कुटुंब मोठं आहे आणि जे कुटुंब तुम्हाला रोज रस्त्यात भेटतं. अंगाचे अवयव उत्तम : हात, डोळा, तोंड, पाय. मग पाणी, आग, वीज. ‘जगणं, जन्म, कच्चं’ असे सगळे अर्थ पोटात घेणारी ती पाच रेघांची कांजी मात्र पहिल्या वर्षी हाताळू नका. तिचे उच्चार इतके आहेत की नवखा माणूस हिरमुसतो.

हात घ्या. जपानी मुलंही ती पहिलीतच शिकतात.

पान कसं आखायचं

मधोमध कांजी मोठी काढायची. पानाच्या डाव्या बाजूला वर लिहायचं ‘हात’, उजव्या बाजूला ‘हस्त’, आणि तळाला तीन बोटं पट्टी रिकामी सोडायची. हे मथळे मुद्दाम मराठीत ठेवा. का, ते पुढे येतंच.

आता पान भरायचं ते शब्दकोशातून नाही. शब्दकोशात या कांजीचे कितीतरी शब्द सापडतील आणि ते उतरवून काढलेत तर पुन्हा ती पन्नास वेळांची घोकंपट्टीच. जो शब्द तुम्ही स्वतः कुठेतरी पाहिला किंवा ऐकला, तोच लिहायचा आणि त्याच्या शेजारी ठिकाण लिहायचं. माझ्या पानावर ‘तेसुरी’ म्हणजे कठडा, शेजारी लिहिलंय : स्टेशनचा सरकता जिना. तिथे दिवसभर बाई सांगत असते, ‘तेसुरी नि त्सुकामात्ते कुदासाइ’, कठडा धरा. ‘तेसूऽऱ्योऽ’ म्हणजे सेवाशुल्क : एटीएम, पैसे काढल्यावर ११० येन जास्त गेले तो दिवस. ‘तेनिमोत्सु’ : विमानतळ, हातातलं सामान. ‘ज्योशुसेकि’ : मैत्रिणीची गाडी, ड्रायव्हरशेजारची जागा. ज्योशु म्हणजे मदतीचा हात, मदतनीस, आणि त्याची जागा ती ज्योशुसेकि. ‘ओतेआराइ’ : सगळीकडे. हात धुण्याची जागा, पण अर्थ स्वच्छतागृह.

नवऱ्याच्या पगाराच्या कागदावर एका दिवसात दोन शब्द मिळाले. ‘तेआते’ म्हणजे भत्ता. प्रवासाचा भत्ता, घराचा भत्ता, सगळ्यांच्या शेपटीला तेआते. आणि ‘तेदोरी’ म्हणजे कापाकापी होऊन प्रत्यक्ष मिळणारी रक्कम. ‘ते’ हात, ‘तोरी’ घेणं. आपण नाही का विचारत, हातात किती येतात? अगदी तेच. तेआतेचा दुसरा अर्थ प्रथमोपचार. हात लावणं, जखमेवर हात ठेवणं. घरच्या माणसाने दुखऱ्या जागी ठेवलेला हात आणि पगारातला भत्ता एकाच शब्दात राहतात, हे कळल्यापासून तो शब्द मी कधी विसरले नाही.

शब्द लिहिला की अर्थ शोधण्याआधी स्वतः अंदाज करा. अंदाज चुकला तरी पेन्सिलीने लिहून ठेवा. ‘तेकुबि’ : हात आणि मान. हाताची मान म्हणजे? मनगट! ‘तेबुकुरो’ : हात आणि पिशवी, हातमोजे. ‘तेजिना’ : हात आणि वस्तू, हातचलाखी, जादूचे प्रयोग. ‘शुवा’ : हात आणि बोलणं, मूकबधिरांची खुणांची भाषा. हे सगळे मुलांना पटापट येतात. ‘तेगामी’ला, म्हणजे हात आणि कागद, कोणी रुमाल म्हणतं, कोणी वही. अर्थ आहे पत्र. याच दोन कांजी चिनी माणसाला दाखवल्या तर तो टॉयलेट पेपर म्हणेल, त्यामुळे अंदाज चुकण्यात काहीच गैर नाही. चुकलेला अंदाज खोडून त्यावर खरा अर्थ लिहिला की तो शब्द जास्त पक्का बसतो, हे मी माझ्यावर आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांवर पाहिलंय.

‘कित्ते’चा अंदाज मात्र कोणालाच येत नाही. कापणं आणि हात, आणि अर्थ पोस्टाचं तिकीट. पूर्वी पैसे भरल्याचा किंवा हक्काचा जो कागदी दाखला असे त्याला हा शब्द होता. १८७१ साली जपानमध्ये नवी टपालव्यवस्था सुरू झाली, तिचे जनक माएजिमा हिसोका यांनी तो जुना शब्द टपालाच्या तिकिटाला दिला. तोक्यो स्टेशनसमोर जपान पोस्टचं एक मोठं मॉल आहे, त्याचं नावही कित्ते. ‘या ना’ म्हणायला जपानीत ‘किते’ म्हणतात, तो श्लेषही त्यात आहे.

हात हाताशी, हस्त हस्ताशी

आता त्या दोन मथळ्यांकडे. जपानीत बहुतेक कांजींना दोन घराण्यांचे उच्चार असतात. एक मूळचा जपानी, त्याला ‘कुन’ म्हणतात. दुसरा कांजीबरोबर चीनहून आलेला आणि जपानी तोंडात बसलेला, तो ‘ओन’. हाताचा कुन उच्चार ‘ते’, ओन उच्चार ‘शु’. सगळे शिकणारे इथे अडतात : कधी ते आणि कधी शु, हे ओळखायचं कसं?

मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही, कारण आपण हेच लहानपणापासून करतो. आपल्याकडे ‘हात’ आहे आणि ‘हस्त’ आहे. हातपाय म्हणतो, हातगाडी म्हणतो, हातकडी म्हणतो. पण अक्षराशी जोडायचं झालं तर हस्ताक्षर. कलेशी जोडायचं झालं तर हस्तकला. ‘हातपाद’ कोणी म्हणत नाही आणि ‘हस्तगाडी’ही नाही. गृहप्रवेश, पण घरकाम. कोणी शिकवलं आपल्याला? घरचा शब्द घरच्याशी आणि संस्कृतातून आलेला संस्कृताशी, हे कानालाच कळतं. जपानी माणसाच्या कानाला नेमकं तेच कळतं. ‘तेआशि’ म्हणजे हातपाय, दोन्ही घरचे. ‘शुज्युत्सु’ दोन्ही चीनहून आलेले, आपल्या ‘शस्त्रक्रिया’सारखे. रोजच्या वापरातलं, हाताने धरता येईल असं असेल तर बहुधा ते. दवाखाना, कचेरी, बातम्या यांतलं भारदस्त असेल तर शु असण्याचा संभव जास्त. ही माझी डावी आणि उजवी बाजू.

मुलांना मी दोन ठोकताळे देते.

कांजी शब्दाच्या शेवटी आली तर तिच्या आधीच्या शेजाऱ्याकडे पाहायचं. शेजारी ओन असेल तर बहुतेक वेळा ‘शु’ : सेन्शु म्हणजे खेळाडू, काशु म्हणजे गायक, उन्तेन्शु म्हणजे ड्रायव्हर, हाकुशु म्हणजे टाळ्या, आकुशु म्हणजे हस्तांदोलन. शेजारी कुन असेल तर ‘ते’ : कारातेमधला ‘कारा’ म्हणजे रिकामा, म्हणून काराते म्हणजे रिकामा हात. किकिते म्हणजे ऐकणारा, हानाशिते बोलणारा, उरिते विकणारा, काइते विकत घेणारा. इथे एक सुंदर गोष्ट दिसते. हात म्हणजे करणारा माणूस, हे दोन्ही घराण्यांत चाललंय. आपल्याकडेही ‘कर’ म्हणजे हात आणि दिनकर म्हणजे दिवस करणारा. दोन्ही एकाच धातूचे.

कांजी शब्दाच्या सुरुवातीला आली तर ‘ते’ धरून चालायचं, आणि शुवाले मोजके शब्द वेगळे पाठ करायचे. रोजच्या कामाला एवढे पुरतात : शुज्युत्सु, शुवा, शुदान म्हणजे साधन किंवा उपाय, शुहोऽ म्हणजे पद्धत, शुगेइ म्हणजे हस्तकला, शुदोऽ म्हणजे हाताने चालणारं, स्वयंचलित नसलेलं. हा शेवटचा शब्द दारांवर शोधा. दार उघडेल म्हणून समोर उभं राहायचं आणि ते उघडत नाही, तेव्हा त्यावर बहुधा हेच लिहिलेलं असतं.

मिश्र लग्नंही होतात. तेच्योऽ म्हणजे खिशातली डायरी, तेज्युन म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा क्रम, तेहोन म्हणजे कित्ता. यांत ‘ते’ घरचा आणि पुढचा शब्द चीनहून आलेला. आपला हातखर्च आठवा, हातरुमाल आठवा. हात आपला, खर्च आणि रुमाल फारसीतून आलेले. अशा जोडीला जपानीत ‘युतोऽ’ पद्धतीचं वाचन म्हणतात. युतोऽ म्हणजे गरम पाण्याचं लाकडी भांडं, त्या शब्दातच पहिला भाग जपानी आणि दुसरा चिनी आहे. हे शब्द मी डाव्या बाजूला लिहून त्यांच्याखाली दुहेरी रेघ मारते.

ही गोष्ट मला पुण्यात कोणी सांगितली असती तर, असं अजून वाटतं. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत कुन आणि ओन अगदी परक्या गोष्टीसारखे समजावलेले असतात आणि आपणही ते परकं म्हणूनच शिकतो. तुम्ही मराठी आहात. तुमच्या भाषेत हे दोन मजले आधीच बांधलेले आहेत.

‘क’चा ‘ग’ कधी होतो

कागद म्हणजे कामी, पण पत्र तेगामी. पिशवी फुकुरो, पण हातमोजे तेबुकुरो. ओढणं हिकी, पण हात धरून चालवणं तेबिकी. मात्र मान कुबि आणि मनगट तेकुबि, तिथे कु तसाच राहिला. आरसा कागामी, हातातला छोटा आरसा तेकागामी, तिथेही का तसाच. हे असं का?

शब्द जोडले गेले की दुसऱ्याचं पहिलं अक्षर मृदू होतं, याला ‘रेन्दाकु’ म्हणतात. आपण शाळेत जगत् अधिक ईश, जगदीश, आणि वाक् अधिक ईश, वागीश, असं करत होतो, त्यातलाच प्रकार समजा. पण दुसऱ्या शब्दात आधीपासून ग, झ, द, ब यांपैकी एखादं मृदू अक्षर बसलेलं असेल, तर पहिलं अक्षर बदलत नाही. कुबिमध्ये ‘बि’ आहे, कागामीमध्ये ‘गा’ आहे, म्हणून त्यांचे कु आणि का शाबूत. कामी, फुकुरो, हिकी यांत तसं काही नाही, म्हणून ते बदलले. ‘म’ आणि ‘र’ या हिशेबात धरायचे नाहीत.

हा नियम बेंजामिन लायमन या अमेरिकी माणसाच्या नावाने ओळखला जातो. तो भाषापंडित नव्हता, भूगर्भतज्ज्ञ होता. १८७० च्या दशकात होक्काइदोत कोळशाचा शोध घ्यायला आला होता, आणि त्याआधी पंजाबात खनिज तेलाची पाहणी करून गेला होता. जपानी पंडितांना ही गोष्ट त्याच्याही शंभरेक वर्षं आधी दिसली होती.

लक्षात ठेवा, नियम एकाच बाजूने भक्कम आहे. मृदू अक्षर असेल तर बदल जवळजवळ नाहीच. नसेल तर बदल होईल किंवा होणार नाही. किकितेत ते तसाच राहतो. हितोदे म्हणजे मनुष्यबळ, तिथे त्याचा दे होतो. ‘हितोदे-बुसोकु’, कामाला हात कमी पडणं, हा शब्द जपानच्या बातम्यांत रोज असतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या काइगोच्या मुली या देशात आहेत त्याचं कारणही तेच.

तेबिकी त्याच मुलींचा शब्द आहे. आजीआजोबांचे दोन्ही हात समोरून धरून, आपण मागे मागे सरकत त्यांना चालवायचं, त्याला ‘तेबिकी होकोऽ’ म्हणतात. आणि एखादी गोष्ट कशी करायची ते सांगणाऱ्या पुस्तिकेलाही तेबिकीच म्हणतात. वॉर्ड ऑफिसातून कचऱ्याच्या वर्गीकरणाची मिळाली ती तेबिकी. तुम्ही आत्ता वाचताय तीही.

तळाची पट्टी

काही शब्द कोणत्याच मथळ्याखाली बसत नाहीत. ते तळाला लिहायचे आणि तोंडपाठ करायचे, त्यात हुज्जत घालायची नाही.

ज्योऽझु म्हणजे निपुण. लिहिताना ‘वर’ आणि ‘हात’. हेता म्हणजे काम नीट न जमणारा. लिहिताना ‘खाली’ आणि ‘हात’. हे उच्चार अक्षरांतून येत नाहीत, पूर्ण शब्दाला मिळून दिलेले आहेत. गंमत अशी की त्याच दोन जोड्या सुमोच्या आखाड्यात ‘उवाते’ आणि ‘शिताते’ होतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातावरून घातलेली पकड आणि खालून घातलेली. आणि नाटकाच्या रंगमंचावर ‘कामिते’ आणि ‘शिमोते’, प्रेक्षकांच्या उजवीकडची बाजू आणि डावीकडची. लिहिणं एकच, वाचणं जागा पाहून.

निगाते : कडू आणि हात, म्हणजे न झेपणारी किंवा न रुचणारी गोष्ट. हॉटेलात फार उपयोगी. ‘हेता’ म्हणजे करता येत नाही, ‘निगाते’ म्हणजे करता येत असेलही पण नको वाटतं. हादे म्हणजे भडक, तिथे हात फक्त उच्चारापुरता उसना आणलाय. त्यात हाताचा अर्थ शोधू नका.

यामानोते ही तोक्योची गोल फिरणारी रेल्वे, ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं. लिहिताना ‘डोंगर’, ‘हात’ आणि ‘मार्ग’ एवढंच असतं. मधला ‘नो’ लिहीतच नाहीत. युद्धानंतर रोमन पाट्यांवर ‘यामाते’ आलं होतं, १९७१ साली ‘यामानोते’ परत आणलं. इथे हात म्हणजे दिशा, डोंगराकडची बाजू. आपणही सांगतो, थोडं पुढे गेलात की उजव्या हाताला देऊळ लागेल. पर्यटकांच्या बसमधली बाई हुबेहूब तेच म्हणते, ‘मिगिते’, उजव्या हाताला.

आणि एक सावधगिरी. क्योतोच्या सान्ज्यूऽसान्गेन्दोऽ मंदिरात ‘सेन्ज्यु कान्नोन’च्या, सहस्रहस्त कान्नोनच्या, १,००१ मूर्ती आहेत. सेन म्हणजे हजार, आणि ‘शु’ मृदू होऊन ‘ज्यु’. एकेका मूर्तीला ४२ हात असतात. दोन स्वतःचे आणि उरलेल्या ४० पैकी प्रत्येक हात २५ विश्वांतल्या जीवांना तारतो, असा हजाराचा हिशेब. ही कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून उभा असलेला पद्मपाणि. पाणि म्हणजे हातच. त्या लांब दालनात उभी राहून मला पाणिग्रहण, पद्मपाणि, चक्रपाणि असे शब्द आठवत गेले आणि डोळे भरून आले. त्या भरात परतताना तोक्योतल्या किता-सेन्ज्यु स्टेशनचं नावही मी ‘हजार हात’ म्हणून वहीत लिहून टाकलं. तो ‘ज्यु’ वेगळा आहे, ‘राहणं’ या अर्थाचा. नुसत्या उच्चारावरून पानावर घेऊ नका, कांजी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही.

डावीकडचा छोटा हात

चार-पाच दिवसांनी पान भरत आलं की मागची बाजू उघडा. हात दुसऱ्या कांजीच्या डाव्या अंगाला चिकटतो तेव्हा आकसून तीन रेघांचा होतो, त्याला ‘तेहेन’ म्हणतात. हा दिसला की समजायचं, बहुधा हाताने करायचं काम आहे. मोत्सु धरणं, उत्सु मारणं, नागेरु फेकणं, ओसु दाबणं किंवा ढकलणं, हाराउ पैसे देणं. दारावर आणि बटणांवर ओसु रोज दिसेल.

यातली एक जोडी मी वेगळ्या रंगाने लिहायला लावते. हिरोउ म्हणजे उचलणं, सुतेरु म्हणजे टाकून देणं. दोन्हींना डावीकडे छोटा हात आणि उजवीकडचा भागही दुरून सारखाच. फरक उजव्या भागाच्या मधोमध आहे, सुतेरुमध्ये एक उभी आणि एक आडवी अशा दोन रेघा जास्त घुसलेल्या असतात. अर्थ एकमेकांच्या बरोब्बर उलट. खोलीतली वस्तू उचलून ठेवायची की कचऱ्यात टाकायची हे चिठ्ठीवर लिहिलेलं असेल, तर ही गल्लत परवडणारी नाही.

उजळणी

एका कांजीला एक आठवडा द्या. पहिल्या दिवशी पाच-सात शब्द, मग रोज बाहेरून येतील तेवढे. पहिल्या आठवड्यानंतर उच्चार देवनागरीत लिहिणं बंद करा, हिरागानात, म्हणजे जपानीच्या उच्चारानुसार लिहायच्या लिपीत, लिहा. देवनागरी डोळ्यासमोर असली की डोळा कांजीकडे जातच नाही, हा मला कळायला दोन वर्षं लागलेला धडा आहे. पन्नास वेळा लिहू नका. पाच वेळा सावकाश लिहा, पण पाच वेगवेगळ्या शब्दांत.

आठवड्याच्या शेवटी पान झाकून कोणाला तरी वाक्यं सांगा. ‘ते गा हानासेनाइ’, हातातलं काम सोडता येत नाहीये. ‘नेको नो ते मो कारिताइ’, इतकी गडबड आहे की मांजराचेही हात उसने घ्यावेसे वाटतात. ‘ओतेआगे’ म्हणजे हात टेकले. ‘तेनुकी’ म्हणजे हात राखून, पाट्या टाकून केलेलं काम. मराठी वाक्प्रचार शेजारी लिहा, पण जुळतो की नाही ते तपासून. मराठीत हात वर केले म्हणजे जबाबदारी झटकली. जपानीत ‘ते ओ आगेरु’ म्हणजे वर्गात हात वर करणं, किंवा कोणावर हात उगारणं. काइगोच्या एका मुलीला आपल्या वरिष्ठांना सांगायचं होतं की आजोबांच्या मुलाने जबाबदारी झटकली. तिने मराठीतलं वाक्य तसंच जपानीत नेलं आणि मुलाने आजोबांना मारलं असा अर्थ झाला. चौकशी सुरू झाली, ती घाबरून गेली. आम्ही तिच्यासोबत बसून नीट वाक्य लिहून दिलं तेव्हा प्रकरण मिटलं. म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

एका पानातून पुढची पानं आपोआप फुटतात. तेकुबिमधली कुबि घेतली की आशिकुबि, पायाची मान, घोटा. तेबुकुरोमधली फुकुरो घेतली की दुकानात विचारतात ती रेजि-बुकुरो, जुलै २०२० पासून जिचे पैसे पडतात ती प्लास्टिकची पिशवी. तेगामीतली कामी घेतली की ओरिगामी, जी तुम्हाला जपानी यायच्या कितीतरी आधीपासून येत होती.

हाताचं पान झालं की डोळा घ्या. पाच रेघा : एक उभा चौकोन आणि आत दोन आडव्या. कुन उच्चार ‘मे’, ओन उच्चार ‘मोकु’. डाव्या बाजूचा पहिला शब्द औषधांच्या दुकानात मिळेल, डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटलीवर : मेगुसुरी. औषधाला नुसतं कुसुरी म्हणतात. इथे ‘कु’चा ‘गु’ का झाला, ते पानावर शब्दाशेजारी तुमचं तुम्हीच लिहा.